सुई शून्यावर आहे

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं असत. जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी निमुळतं आणि आत रांजणासारखं पोट असलेलं कोठार. कित्येक महिने बंद राहिलेलं पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड काही वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत तगली तर माणूस उतरायचा, विझली तर थांबायचा. जुन्या विहिरीचा गाळ काढणारेही असंच करत.

मोजमापाचं साधन म्हणून कंदील अगदीच ढोबळ. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत जाते, एवढंच तो सांगतो. खाली ज्वलनशील वायू असेल तर कंदील इशारा देण्याऐवजी स्फोटच घडवील. पण त्याच्यात एक गुण आहे, आणि या लेखात तोच मला कसोटी म्हणून वापरायचा आहे. कंदील बिघडला, रॉकेल संपलं, वाऱ्यानं विझला, तरी माणूस वरच थांबतो. त्याची चूकसुद्धा माणसाच्या बाजूनं होते.

विषारी आणि ज्वलनशील वाफा ओळखणारे पदार्थ शोधण्याचं काम गेली साठ-सत्तर वर्षं जगभर चाललं आहे. या विषयावरचे शोधनिबंध वाचायला घेतले तर जवळजवळ प्रत्येकात एकच बढाई भेटते: आमचा पदार्थ इतका कमी वायू ओळखतो. आधी दहा लाखांत एक भाग, म्हणजे एक पीपीएम; मग अब्जात एक; मग एकच रेणू. ही शर्यत खरी आहे आणि तिच्यातलं विज्ञान सुंदर आहे. पण खाली उतरणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. सुई शून्यावर आहे, ती हवा स्वच्छ आहे म्हणून, की सेन्सर मेला आहे म्हणून?

आपल्याजवळचा सगळ्यात जुना सेन्सर म्हणजे नाक. हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास नाकाला एका पीपीएमच्या शंभराव्या भागातही कळतो. बाजारातल्या बहुतेक उपकरणांना हे जमत नाही. पण हाच वायू १०० पीपीएमच्या आसपास पोचला की वासाची जाणीवच बधिर होते. माणसाला वाटतं, गेला वास. गटारात उतरलेल्यांच्या बाबतीत घात होतो तो इथं. स्वयंपाकघरातल्या गॅसचंही असंच. तो मुळात जवळपास बिनवासाचा. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा वास. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू इमारतीखालच्या पोकळीत साचला, स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यात बहुतेक मुलं होती. वायूला वास लावण्याचे कायदे त्यानंतर आले. म्हणजे शेवटी भिस्त पुन्हा नाकावरच, आणि सर्दी झालेलं नाक काय कामाचं, हे कोविडनंतर कुणाला सांगायला नको.

भोपाळची गोष्ट याहून बोचरी आहे. तिथं गळलेल्या मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची कामाच्या जागी चालणारी मर्यादा ०.०२ पीपीएम. डोळ्यांना ते झोंबू लागतं २ पीपीएमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट झाल्यावर. आणि युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात गळती ओळखायची रूढ पद्धत होती ती म्हणजे कामगारांचे डोळे चुरचुरणं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास डोळ्यांनीच खबर दिली. त्याआधी टाकीच्या दाबमापकाचा आकडा तासाभरात पाचपट चढला होता, पण तिथली मापकं नेहमीच चुकीचं दाखवतात असा अनुभव असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. सेन्सर नव्हता असं नाही, सेन्सरची पत गेली होती. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

आता पदार्थांकडे वळू. खाणींत डेव्हीच्या सुरक्षा-दिव्यानं १८१६ पासून आणि पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वायूची चाहूल देण्याचं काम केलं. ब्रिटनमधल्या कॅनरींना निवृत्ती मिळाली ती थेट १९८६ मध्ये. दिव्याची जागा ज्यानं घेतली तो पेलिस्टर १९५० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्येच, खाणींच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेत ॲलन बेकर यांनी घडवला. प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेचं वेटोळं, त्यावर ॲल्युमिनाचा इवलासा मणी, मण्यात पॅलेडियमसारखा उत्प्रेरक. मणी विजेनं तापवून ठेवायचा. मिथेन आला की मण्यावरच ज्योतीविना जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा रोध वाढतो. शेजारी उत्प्रेरक नसलेला जुळा मणी असतो. दोघांतला फरक मोजायचा. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. पेलिस्टर त्याच्या कितीतरी आधी ओरडतो. तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि खाणींत तो आजही आहे, कारण तो कणखर आहे.

मात्र त्याचा मृत्यू मुका असतो. सिलिकोनची वाफ, मग ती कुठल्या सीलंटची असो की चकाकी आणणाऱ्या फवाऱ्याची, मण्यावर जाऊन काचेसारखा थर धरते. शिसं आणि गंधकाची संयुगंही उत्प्रेरक निकामी करतात. मग वायू येतो, जळत नाही, मणी तापत नाही, सुई शून्यावर. याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे वायू इतका दाट झाला की जाळायला प्राणवायूच उरला नाही, तरीही सुई खालीच येते. ज्योतीची जागा घेणाऱ्या या साधनानं ज्योतीचा तो एक गुण मात्र घेतला नाही.

दुसरं घराणं धातूंच्या ऑक्साइडचं, आणि या विषयातलं सगळ्यात मोठं साहित्य त्याच्याभोवती साचलेलं आहे. १९६२ साली जपानमध्ये क्यूशू विद्यापीठातल्या तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युतरोध वायूच्या स्पर्शानं बदलतो हे दाखवलं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरसाठी पेटंटचा अर्ज केला. घरोघरी आलेल्या सिलिंडरच्या गॅसचे स्फोट ही तेव्हा जपानची डोकेदुखी होती. १९६८ मध्ये तागुचींचा सेन्सर बाजारात आला, पुढे त्यातून फिगारो ही कंपनी उभी राहिली.

यामागची यंत्रणा समजायला सोपी आहे. टिन ऑक्साइडच्या कणांची भुकटी घट्ट बसवून २०० ते ४०० अंश सेल्सियसला तापवली की हवेतला प्राणवायू कणांच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. कणाकणाच्या सांध्यावर विजेला आडकाठी होते, रोध वाढतो. गॅस आला की तो त्या बसलेल्या प्राणवायूशी भिडतो, त्याला घेऊन निघून जातो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध कोसळतो. म्हणजे सेन्सर वायू थेट ‘ओळखत’ नाही, आपल्या अंगावरचा प्राणवायू किती गेला याचा हिशेब ठेवतो. क्यूशूमधल्याच नोबोरू यामाझोए यांच्या गटानं १९९१ मध्ये दाखवलं, की कण सुमारे सहा नॅनोमीटरहून लहान केला तर आडकाठी सांध्यापुरती न राहता कणाच्या गाभ्यापर्यंत पोचते आणि संवेदनशीलता एकदम उसळते. त्यानंतर नॅनोतारा, नॅनोफुलं, नॅनोपट्ट्या अशा निबंधांचा जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. त्यांतल्या बऱ्याच फुलांचा उपयोग निबंधातलं छायाचित्र सजवण्यापलीकडे झाला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्राणवायूच्या हिशेबातच या घराण्याचा दोष दडलेला आहे. जो कोणी प्राणवायू उचलून नेईल तो इथं ‘गॅस’ ठरतो: प्रोपेन, हायड्रोजन, अल्कोहोल, अत्तर, कधी फोडणीसुद्धा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात हमखास दिसणारा ‘स्मार्ट गॅस डिटेक्टर’ बहुधा एमक्यू मालिकेतल्या टिन ऑक्साइडच्या सेन्सरवरच चालतो. त्याच्या माहितीपत्रकात तो आधी चोवीस तासांहून जास्त वेळ तापवून ठेवा असं लिहिलेलं असतं; प्रदर्शनात तो पाच मिनिटांत लायटरच्या गॅसला टाळी देतो आणि बक्षीस घेऊन जातो. घरी लावलेला असा अलार्म चार वेळा फोडणीला कोकलला की पाचव्या वेळी त्याची पिन काढली जाते. भोपाळच्या दाबमापकाचं झालं ते हेच. विश्वास गमावलेला सेन्सर जिवंत असूनही मेल्यात जमा.

यावर उतारा म्हणून ऑक्साइडमध्ये दुसरा धातू मिसळतात. बहुतेक मिश्रणांत थोडा झुकाव येतो, एवढंच. पण एक जोडी मात्र मला फार आवडते: टिन ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड. एकात इलेक्ट्रॉनांची सद्दी, दुसऱ्यात त्यांच्या उणिवेची. दोन्ही शेजारी आले की सांध्यावर विजेची वाट जवळपास बंद होते. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, आणि ते धातूसारखं वीज वाहून नेतं. बंद दार सताड उघडतं, रोध हजारो पटींनी घसरतो. वायू गेला की हवेतला प्राणवायू पुन्हा ऑक्साइड घडवतो आणि दार मिटतं. ही क्रिया गंधकाच्या खास ओढीवर चालते, म्हणून फोडणीला ती भुलत नाही. १९९२ च्या सुमारास क्यूशूच्याच गटानं ती मांडली; तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या जोडीवर बरंच काम झालं. जड पाणी काढण्याच्या एका पद्धतीत हायड्रोजन सल्फाइड टनावारी वापरावा लागतो, त्यामुळे अणुऊर्जेच्या लोकांना हा वायू परका नाही.

महाराष्ट्रात या विषयाची मुळं महानगरांपुरती नाहीत, हे जाताजाता नोंदवायला हवं. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात स्क्रीन प्रिंटिंगनं जाड थर छापून वायुसंवेदक बनवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि सोलापुरात पातळ थरांवर, तसंच वीजवाहक पॉलिमर असलेल्या पॉलिअॅनिलीनवर. पुण्याच्या सी-मेट या संशोधनसंस्थेत ऑक्साइडांवर. महागडी निर्वात यंत्रं नसली तरी फवारा, भट्टी आणि छपाईची चौकट एवढ्यावर हे शास्त्र करता येतं, म्हणून ते तालुक्याच्या गावीही रुजलं. यातले निबंध जगभर वाचले जातात. वस्तू मात्र परदेशातून आयात होतात.

तिसरं घराणं विद्युतरासायनिक सेलचं. हा एक छोटा बॅटरीचाच प्रकार: वायू पडद्यातून आत शिरतो, इलेक्ट्रोडवर त्याची क्रिया होते, वायू जितका तितका प्रवाह. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन यांच्यासाठी कामगाराच्या खिशाला अडकवलेल्या उपकरणात हाच असतो. तापवायला लागत नाही, वीज नगण्य लागते, वायू-वायूत भेदही बऱ्यापैकी करतो. आत गंधकाम्लासारखं द्रव असतं. उन्हाळ्यात ते सुकतं, आणि दोन-तीन वर्षांत सेल थकतो. थकला की प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणजे शून्य. आणि स्वच्छ हवेतही शून्यच.

पुढच्या पदार्थांकडे जाण्याआधी पाण्याचं बोलायला हवं, कारण निबंध त्यावर पुटपुटून पुढं सरकतात. बहुतेक प्रयोग कोरड्या हवेत होतात. आता ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा घ्या, मुंबईची किंवा पणजीची. तिच्यात पाण्याची वाफ साधारण ३३,००० पीपीएम असते. हायड्रोजन सल्फाइडची धोक्याची घंटा १० पीपीएमला वाजायला हवी असेल, तर सेन्सरला एका शत्रूमागे पाण्याचे तीन हजारांहून जास्त रेणू बाजूला सारायचे आहेत. टिन ऑक्साइडवर पाणी प्राणवायूच्याच जागा अडवतं. पॉलिमर पाण्यानं फुगतात. मुंबईचा पावसाळा ही या क्षेत्रातली खरी प्रयोगशाळा आहे, आणि तिथं फार थोडे पदार्थ परीक्षेला बसतात.

पॉलिमरांची कल्पना वेगळी होती: वायू जाळायचा नाही, शोषून घ्यायचा आणि वजन करायचं. क्वार्ट्झच्या थरथरणाऱ्या चकतीवर वजन चढलं की तिची कंपनं मंदावतात, हे गणित जर्मनीच्या सॉरब्रे यांनी १९५९ मध्ये मांडलं. पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनिलहरींवर चालणारे, ‘सॉ’ नावाचे वाफमापक १९७९ मध्ये आले. पण तराजूला माणूस आणि धोंडा सारखाच, म्हणून खरी हुशारी लागते ती चकतीवरच्या पॉलिमरच्या लेपात. सरीनसारख्या मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या विषांत फॉस्फरसला चिकटलेला प्राणवायू असतो. फ्लोरिन जोडलेल्या अल्कोहोलचे गट लेपात गुंफले की ते हायड्रोजनच्या बंधानं त्याला धरतात. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडलं गेलं तेव्हापासून अशा लेपांकडे सैन्याबाहेरचंही लक्ष गेलं. आपल्याकडे डीआरडीओच्या दिल्लीतल्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीनं याच तत्त्वावर ‘ई-नासिका’ घडवली. नाव छान आहे.

यापेक्षा देखणा प्रकार प्रकाशाचा. अमेरिकेत एमआयटीतले टिमथी स्वेगर यांनी १९९० च्या दशकात चमकणारे पॉलिमर घेतले. नेहमीच्या चमकणाऱ्या रेणूवर शत्रूचा एक रेणू बसला तर एकच दिवा विझतो. पॉलिमरच्या लांब साखळीत प्रकाशानं जागी झालेली ऊर्जा कडीकडीतून हिंडत असते. साखळीवर कुठंही एक टीएनटीचा रेणू बसला तरी हिंडणारी ऊर्जा त्याच्यात जाऊन पडते आणि सगळी साखळी काळवंडते. या कल्पनेतून फिडो नावाचं स्फोटकं हुंगणारं यंत्र निघालं. आमच्या कसोटीवर हा पदार्थ चांगला उतरतो. तो मुळात चमकत असतो आणि धोक्याला विझतो; प्रकाशानं झिजून मेला तरी विझतोच. कंदिलाच्या कुळातला आहे.

कार्बनच्या नॅनोनळ्या आणि ग्राफीन यांच्याबद्दल थोडक्यात. २००० मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं दाखवलं, की एका नॅनोनळीचा रोध नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनियानं खोलीच्याच तापमानाला बदलतो. २००७ मध्ये ग्राफीनवर एकेक रेणू येता-जाता मोजला गेला. संवेदनशीलतेची शर्यत तिथं संपली म्हणायला हरकत नाही. अडचण परतीची. पाहुणा बसला की उठत नाही. नॅनोनळी पूर्वपदावर यायला तास न् तास लागतात किंवा तापवावी लागते. कालच्या वायूची आठवण घेऊन बसलेला सेन्सर आजचं काय सांगणार?

धातू आणि सेंद्रिय दुव्यांच्या जाळ्या, म्हणजे मॉफ, यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं: किटागावा, रॉबसन आणि याघी यांना. एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग, आणि भोकांचा आकार रेणूच्या मापानं कातता येतो. बहुतेक मॉफ वीज वाहत नाहीत आणि कित्येक पाण्यानं मोडतात, त्यामुळे चाळणी म्हणून दुसऱ्या सेन्सरपुढे उभं करणं हाच त्यांचा सध्या शहाणा उपयोग दिसतो.

एकाच पदार्थाकडून अचूक ओळखीची अपेक्षा सोडून द्यावी, हा विचार १९८२ मध्ये वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सॉड आणि जॉर्ज डॉड यांनी मांडला. नाकही तेच करतं: वास टिपणाऱ्या ढिसाळ ग्राहकांचा घोळका आणि त्यांच्या एकत्र कौलावरून निर्णय. इलेक्ट्रॉनिक नाक ते हेच. इलिनॉयच्या केनेथ ससलिक यांनी २००० साली तो कौल रंगांत उतरवला. ठिपक्यांचा कागद वायूगणिक वेगळी रांगोळी दाखवतो. आता या घोळक्याचा अर्थ लावायला यंत्रशिक्षण आलं आहे. पण घोळका म्हातारा होतो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १६ ऑक्साइड सेन्सरांवर सहा वायूंच्या १३,९१० नोंदी ३६ महिने घेतल्या गेल्या. पहिल्या महिन्यांवर शिकवलेली ओळख पुढच्या महिन्यांत ढासळत जाते, कारण वायू तेच असले तरी सेन्सर ते राहिलेले नसतात. गणितानं ही भरकट काही अंशी सावरता येते. तरी या क्षेत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रयोग हाच, कारण त्यात कुणी नवा पदार्थ शोधला नाही, जुन्यांना तीन वर्षं नुसतं निरखलं.

शेवटी गटाराच्या झाकणाशी परत येऊ. हातानं मैला काढण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मरण पावलेल्यांसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टाकीत माणसं गुदमरल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, हा त्यांचा क्रमही बदललेला नाही. यासाठी लागणारं उपकरण केव्हाचं अस्तित्वात आहे. मुठीत मावणारं, दोरीनं खाली सोडता येणारं, चार वायूंचं: ज्वलनशील वायूसाठी पेलिस्टर, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी एकेक विद्युतरासायनिक सेल, आणि चौथा प्राणवायूचा. पहिले तिघे मेले तर शून्य दाखवतात. म्हणून नियम असा, की रोज उतरण्यापूर्वी उपकरणावर ठरावीक मिश्रणाच्या सिलिंडरातला वायू सोडायचा आणि ते ओरडतं का पाहायचं. याला ‘बंप टेस्ट’ म्हणतात. तो सिलिंडर संपतो, त्याची मुदत उलटते, तो पुन्हा मागवावा लागतो, आणि यंत्र खरेदीच्या निविदेत त्याचा उल्लेख असेलच असं नाही.

चौथ्या सेलची रचना मात्र निराळी. त्यात शिशाचा एक तुकडा असतो. प्राणवायू आत येतो, शिसं हळूहळू गंजतं, त्यातून प्रवाह निघतो आणि पडद्यावर २०.९ हा आकडा उमटतो. साधारण दोन वर्षांत शिसं संपतं. संपलं की आकडा २०, १९, १८ असा उतरू लागतो आणि मोकळ्या हवेत, टपरीवर चहा पितानासुद्धा उपकरण प्राणवायू नाही म्हणून किंचाळू लागतं. ते खोटं असतं. पण ते बंद होईपर्यंत कुणी खाली उतरत नाही.